मुक्काम औरंगाबाद, मालक राजगडावर

तुमचा मालक अकरा वर्षांचा आहे आणि तो राजगडावर राहतो. त्याच्या नावे मोगल बादशहाची पंचहजारी मनसब आहे. मनसबीची चाकरी औरंगाबादेत बजावायची असते, आणि ती त्याच्या वतीनं तुम्ही बजावता आहात. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक महिना. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात १६६८ चा नोव्हेंबर.

दचकू नका. बोरू धरला की हात आपोआप चालतो. मोडी वाचता येते, किंबहुना दुसरं काही वाचताच येत नाही. अंगात बाराबंदी, डोक्याला पागोटं, कमरेला कलमदान. तुम्ही निराजी रावजींच्या हाताखालचे कारकून. फौजेवर प्रतापराव गुजर. गेल्या वर्षी याच सुमारास मालक, खुद्द शंभूराजे, इथं येऊन गेले. शहजादा मुअज्जमची भेट झाली आणि वय लहान म्हणून त्यांना लगेच घरी जायची परवानगीही मिळाली. फौज मात्र राहिली. तुम्हीही राहिलात. खर्चाला वऱ्हाडात जहागीर लावून दिलेली आहे. म्हणजे पैसा वऱ्हाडातून येतो, हुकूम राजगडाहून येतो, हजेरी मोगलांकडे लागते आणि भाकरी औरंगाबादेत खायची. ही व्यवस्था पुण्याच्या पगारावर सिडकोत राहणाऱ्या आजच्या पोरापोरींना समजावून सांगावी लागणार नाही. घरी बसून चाकरी करणारा या शहराचा पहिला ठळक माणूस कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर शहराच्या आजच्या पाटीवरच लिहिलेलं आहे.

फौजेचा तळ गावाबाहेर आहे. पण दप्तराला छप्पर लागतं, म्हणून तुम्हा दोघातिघा कारकुनांची सोय जुन्या वस्तीत एका म्हातारीच्या पडवीत लावली आहे. शहराला औरंगाबाद म्हणू लागल्याला पंधरा वर्षं झाली. आजी अजून खडकीच म्हणते. मधे मलिक अंबरच्या मुलानं फत्तेनगर असंही नाव ठेवलं होतं, ते तर तिनं कधी तोंडात घेतलंच नसावं.

‘‘उठा पंत. हौदावर गर्दी व्हायच्या आत आंघोळ उरका.’’

हौदाजवळ जरा थांबा. रहाट नाही, मोट नाही, बैल नाही. भिंतीतल्या तोटीतून पाणी येतं आणि येतच राहतं. उत्तरेला हर्सूलच्या अंगाला जे खोरं आहे तिथं जमिनीखालचा झिरपा गोळा केला आहे. तिथून भुयारी नहर, आणि गावात शिरल्यावर भाजलेल्या मातीचे नळ, चुन्यात पक्के बसवलेले. वाटेत मधून मधून दगडी मनोरे उभे आहेत. पाणी त्यांच्या पोटातून वर चढतं, कोंडलेली हवा निघून जाते, गाळ खाली बसतो, दाब मोडतो आणि पाणी दुसऱ्या अंगानं उतरून पुढच्या मनोऱ्याकडं निघतं. सगळं काम उताराचं. ढकलायला कुणी नाही. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवायला घेतली आणि त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत हे उभं केलं. हा माणूस जन्मानं इथिओपियाचा, गुलाम म्हणून बाजारोबाजार विकला जात बगदादमार्गे दख्खनेत पोचलेला. म्हणजे गावाला पाणी पाजणाराही बाहेरगावचाच.

आजीनं त्याला पाहिलं आहे. तो वारला तेव्हा ती नुकती सासरी आली होती. ‘‘उंच होता. काळा. आणि डोळे असे की बघवायचं नाही.’’ मग हौदात घागर बुडवता बुडवता, ‘‘नहर खणायला घेतली तेव्हा लोक हसले होते म्हणे. तुमच्यासारखे लिहिणारेच जास्त.’’

आता पैशाचं बोलू, कारण तुम्ही इथं खूश आहात त्याचं निम्मं कारण पैसा आहे. बऱ्हाणपूरकडचा भीमसेन सक्सेना नावाचा एक कायस्थ याच शहरात लहानाचा मोठा झाला. पुढं त्यानं फारसीत आठवणी लिहिल्या. औरंगजेब इथं सुभेदार होता त्या, म्हणजे तुमच्या आधी दहाएक वर्षांच्या काळातले भाव त्यानं नोंदवले आहेत: रुपयाला गहू आणि डाळ अडीच मण, ज्वारी-बाजरी साडेतीन मण, गूळ अर्धा मण, तूप चार शेर. तेव्हाचा मण आपल्या आजोबांच्या मणापेक्षा हलका होता, ते वजा केलं तरी हिशेब डोळे विस्फारायला लावणारा आहे. एका रुपयाच्या ज्वारीवर एकटा माणूस महिनोन् महिने काढेल. तुम्हाला वऱ्हाडच्या जहागिरीतून हुंडी येते. सावकार आपला बट्टा कापून चांदी हातावर ठेवतो. त्यातली थोडी घरी, कोकणात जाते, उरलेल्यात तुम्ही तुपाशी जेवता. डोंगरात नाचणीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला बालाघाटचं हे पठार म्हणजे चैन आहे.

च्यांग माईत लॅपटॉप उघडून बसलेल्या जर्मन पोराचं सुख याच जातीचं. कमवायचं युरोत, खर्चायचं बाटमध्ये. थायलंडनं २०२४ मध्ये अशांसाठी पाच वर्षांचा खास व्हिसा काढला. एक अट अशी होती की खात्यात पाच लाख बाट दाखवा. मोगलांनी तुम्हाला व्हिसा दिलेला नाही. त्यांनी दाग दिला आहे, तोही तुमच्या घोड्यांना.

हा दाग म्हणजे तुमच्या नोकरीतली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट. मनसबदारानं जेवढे स्वार कबूल केले तेवढे खरंच आहेत का, की भाड्याची तट्टं आणून उभी केली आहेत, हे तपासायला मोगली दप्तराचे लोक हजेरी घेतात. घोड्याच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग. स्वाराचा चेहरा कागदावर: बापाचं नाव, गाव, रंग गव्हाळ, भुवई तुटकी, डाव्या गालावर देवीचे वण. तुम्ही मोडीत यादी धरून उभे, समोरचा मुन्शी फारसीत यादी धरून उभा, आणि मधे उन्हात तीन तास ताटकळलेला मावळा. मुन्शी विचारतो, हाच का तो? तुम्ही म्हणता, हाच. मुन्शी म्हणतो, पण वण उजव्या गालावर आहे. मग उजवा कुणाचा, स्वाराचा की बघणाऱ्याचा, यावर वाद. ऑफिसच्या दारात तोंडासमोर यंत्र धरून ‘चेहरा जुळत नाही’ असं ऐकून घेतलेल्या माणसाला हा वाद ओळखीचा वाटेल. एका स्वाराच्या वणापायी तुमची सबंध दुपार गेली आहे, आणि राजगडाला लिहिताना त्याबद्दल एक ओळही लिहिण्याजोगी नाही.

त्याहून वाईट भानगड जहागिरीची. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला निघाले तेव्हा बादशहानं वाटखर्चाला एक लाख रुपये उचल दिली होती. आग्र्याहून महाराज कसे परतले ते तुम्ही जाणता. पण दप्तर कुणाचं काही विसरत नाही. बादशहाच्या डोक्यात आलं आहे की तो लाख रुपया वऱ्हाडातल्या जहागिरीतून वळता करून घ्यावा. ज्याला बोलावून कैदेत घातलं, तो निसटला, तर त्याच्या येण्याजाण्याचं भाडं त्याच्या मुलाच्या पगारातून कापायचं! या हिशेबी वृत्तीला दाद द्यावी की कपाळ बडवावं, हे मला साडेतीनशे वर्षांनीही ठरवता आलेलं नाही. तुमच्यापर्यंत या गोष्टीची नुसती कुजबुज आली आहे. निराजीपंत ऐकतात, मान हलवतात आणि विषय बदलतात. ते वकिली डोक्याचे आहेत.

तिसऱ्या प्रहरी कागद घ्यायला निघा. दौलताबादेच्या पलीकडं, आजच्या खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा म्हणून गाव आहे. तिथला कागद तुमच्या सगळ्या दप्तरांतून चालतो, दौलताबादी म्हणूनच त्याची ओळख. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्ली उचलून देवगिरीला आणायची ठरवली, त्या लोंढ्यात हे कागदी आले असं सांगतात. (बदलीच्या हुकमांच्या इतिहासात तुघलकाचा हुकूम अव्वल. घर बघायलाही वेळ दिला नाही आणि आठ-दहा वर्षांत परत फिरवलं.) चिंध्या आणि ताग कुजवून, कुटून केलेल्या लगद्याचा हा कागद. बंद हातात घेऊन उजेडाकडं धरा: चाळणीच्या काड्यांच्या बारीक रेघा दिसतात. त्यावर खळ चढवून गारगोटीनं घोटलेला आहे, म्हणून बोरू अडखळत नाही आणि शाई पसरत नाही. नखानं वाजवून बघा. चांगल्या बंदाचा आवाज कोरडा येतो; बद्द आवाज आला तर खळ ओली राहिली आहे, पावसाळ्यात किडा लागेल. दुकानदार तुमच्या पागोट्याची बांधणी बघतो आणि भाव दोन दाम चढवून सांगतो. तुम्ही घासाघीस करत नाही. आजीबरोबर आला असता तर तिनं केली असती.

शहराला अजून तट नाही. वर्षा-दोन वर्षांमागं येऊन गेलेल्या थेव्हनो या फ्रेंच प्रवाशानंही हेच लिहिलं: एवढं मोठं शहर आणि भिंत नाही, पण घरं चांगली, झाडं पुष्कळ, बागा छान. बावन्न दरवाजे वगैरे पुढची गोष्ट. भिंत १६८२ मध्ये येणार, मराठ्यांच्या भीतीनं. तुमच्या भीतीनंच म्हणा ना. सध्या उत्तरेला डोळे फिरवले की बेगम दिलरस बानूचा मकबरा झळकतो, पुरा होऊन सात वर्षं झालेला. ताव्हर्नियेला याच्या संगमरवराच्या तीनशेहून जास्त गाड्या वाटेत भेटल्या होत्या, लहानात लहान गाडीला बारा बैल. तरी तो आग्र्याच्या ताजपुढं कमी खर्चातच उरकला आहे: घुमट संगमरवरी, खाली बराचसा चुना घोटून आणलेली चकाकी. स्वस्ताईचा लौकिक गावाला तेव्हापासूनचा.

रस्त्यानं चालताना ज्या वस्त्या लागतात त्यांची नावं ऐका. जयसिंगपुरा, जसवंतपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा. आमेर, जोधपूर, बिकानेर, बुंदेलखंड. जो सरदार दख्खनच्या मोहिमेवर आला त्यानं एक पुरा वसवला, आपल्या मुलखातले वाणी, भाट, आचारी, देव असं सगळं बरोबर आणलं आणि मग कित्येक वर्षं घरचं तोंड पाहिलं नाही. बिकानेरचे राजे कर्णसिंह आत्ता, तुम्ही या रस्त्यानं चालला आहात तेव्हा, त्यांच्या पुऱ्यात आहेत. बादशहाची मर्जी गेली, राज्य मुलाकडं गेलं, आणि हा माणूस इथंच राहिला आहे. पुढच्या वर्षी ते इथंच वारणार. त्यांच्या पुऱ्यातल्या देवीची यात्रा नवरात्रात आजही भरते आणि तिथं नारळ फोडणाऱ्या किती जणांना बिकानेर माहीत असेल कोण जाणे.

मुन्शींच्या बैठकीत एक विशीतला कायस्थ पोरगा बसतो. तो भीमसेन असेलच असं नाही. पण त्या वयाचा भीमसेन या गावात होता एवढं खरं. पोरगा बोलका आहे. दोन वर्षांमागची गोष्ट तो रंगवून सांगतो: महाराज आग्र्याला जाताना इथून गेले तेव्हा सगळं शहर बघायला रस्त्यावर लोटलं. सुभ्याचा अंमलदार सफशिकनखान मात्र कचेरीत बसून राहिला. एक मराठा जमीनदार येतोय, तोच येईल मुजऱ्याला, असं त्याचं गणित. त्यानं पुढं पुतण्याला धाडलं. महाराजांनी पुतण्याकडं पाहिलंही नाही, सरळ मिर्झाराजे जयसिंहांच्या हवेलीवर जाऊन उतरले आणि माणूस पाठवून विचारलं, तुमचे सफशिकनखान म्हणजे कोण, ते का आले नाहीत? शेवटी खानालाच सगळे अंमलदार घेऊन भेटीला जावं लागलं. पोरगा हसतो. तुम्ही हसू दाबता, कारण खानाची माणसं शेजारीच पान लावत बसली आहेत. भीमसेननं पुढं ही हकीकत लिहून ठेवली आहे, म्हणून तर ती आपल्याला माहीत.

संध्याकाळी दिव्याशी बसून राजगडाला पत्र. मायना, मग विज्ञापना ऐसीजे. शहजादे शिकारीत दंग आहेत. महाराजा जसवंतसिंहांचा लोभ आहे. तह टिकून आहे. घोडी खाऊन पिऊन तयार. वर रेती भुरभुरवली, झटकली, लखोटा बांधला, जासुदाच्या हाती दिला. उत्तर यायला पंधरा दिवस तरी. या पंधरा दिवसांत तुम्ही स्वतंत्र आहात. कुणी मान वर करून बघत नाही. दूरच्या चाकरीतला खरा पगार हा.

पडवीत आडवे होताना आजीचा आवाज येतो. ती शेजारणीशी बोलते आहे, पण तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ‘‘फौजा आल्या की कडब्याची पेंढी भिडते बाई आभाळाला. यांना काय, यांचा पैसा वऱ्हाडातून येतो. आमची गाय काय वऱ्हाडातला कडबा खाते?’’

एक वर्ष असंच जातं.

१६६९ चा शेवट. थंडी पडली आहे. निराजीपंतांना शहजाद्यानं अवेळी बोलावून घेतलं. ते परत येतात तेव्हा चेहरा नेहमीसारखाच असतो, फक्त ते तुम्हाला दप्तराचे रुमाल बांधायला सांगतात. कुठले? सगळे. सभासदानं बखरीत सांगितलेली हकीकत अशी की, निराजी रावजी आणि प्रतापरावांना कैद करावं, घोडी पाडाव करावीत, असा हुकूम बादशहानं दिल्लीहून रवाना केला. पण शहजाद्याच्या वकिलानं त्याची खबर हुकमाच्या आधी औरंगाबादेत पोचवली. मुअज्जमनं पंतांना सांगितलं, आज रात्रीच निघा. हुकूम हातात पडला तेव्हा शहजाद्यानं उत्तर धाडलं की पाखरं आधीच उडाली.

रात्री निघताना काय न्यायचं हे फार पटकन ठरतं. दप्तर. दौत. एक घोंगडं. कोऱ्या दौलताबादी बंदांचा अख्खा दस्ता मागं राहतो, त्याची हळहळ पुढं सासवडपर्यंत पुरेल. वाण्याचे तीन महिन्यांचे पैसे राहिले आहेत. आजीला सांगता येत नाही. सांगितलं तर उद्या तिलाच कोतवालीत उभं करतील. घोड्यांच्या तोंडाला तोबरे बांधले आहेत, म्हणजे खिंकाळणार नाहीत. दोन वर्षांत तुम्हाला या गावची बोली आली, उन्हाळ्याचा चटका अंगवळणी पडला, कुठल्या हौदाचं पाणी गोड ते कळलं, आणि गाव सोडायला एक प्रहरही लागला नाही. राजगडावर शाबासकी मिळते: दोन वर्षं मोगलांच्या खर्चानं फौज पोसली! कारभाराच्या अंगानं ते बरोबरच आहे. वाण्याचं नाव त्या हिशेबात येत नाही.

तुम्ही मात्र राजगडापर्यंत पोचत नाही. वाटेत काळ तुम्हाला उचलतो आणि पंचवीस-सव्वीस वर्षं पुढं, याच शहरात टाकतो, थोड्या वेळासाठी.

आता तट आहे, दरवाजे आहेत, नवा किल्ला-ए-अर्क आहे. बादशहा दिल्ली सोडून दख्खनेत आला तो परतलेलाच नाही. सगळं साम्राज्य छावणीतून चालतं आहे. भीमसेन आता पंचेचाळिशी ओलांडून गेला आहे, दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या चाकरीत. त्याच्या लिहिण्यातला हसरेपणा गेला. तो लिहितो त्याचा भाव असा: या नोकरीत अशी माणसं आहेत जी तंबूत जन्मली आणि तंबूत म्हातारी झाली, जगात डोक्यावर छप्पर म्हणून तंबूशिवाय दुसरं काही असतं हे त्यांना ठाऊकच नाही. एका सरदारानं तर एक वर्ष दिल्लीत राहू द्यावं म्हणून बादशहाला लाख रुपये देऊ केले. दूर राहण्याची चैन संपते कुठं, त्याची ही खूण: गाव स्वस्त आहे म्हणून राहणं वेगळं, आणि जाता येत नाही म्हणून राहणं वेगळं.

खाम नदीच्या काठी, मेहमूद दरवाज्याशेजारी एक फकिरी तकिया आहे. बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानचे बाबा शाह मुसाफिर तिथं असतात. मध्य आशियातून नोकरीच्या शोधात आलेले तुराणी शिपाई आधी तिथं उतरतात; गावची भाषा बोलणारं कुणीतरी भेटतं, पोटाला मिळतं, कुठल्या सरदाराकडं जागा आहे याचा सुगावा लागतो. १६९५ च्या सुमारास तिथं पाणचक्की बसली. डोंगरातून मातीच्या नळानं आणलेलं पाणी उंचावरून पडतं, खालचं चाक फिरतं, वरचं जातं पीठ काढतं, आणि पाहुण्यांची भाकरी होते. हीसुद्धा उताराचीच किमया. आज आपण तिथं तिकीट काढून धबधब्याचा फोटो घेतो. बॅगा घेऊन उतरणाऱ्या परदेशी होतकरूंचं वसतिगृह होतं ते.

आणि आता २०२४ चा मे महिना. सिडको, एन-सात, दुसरा मजला. दुपारी बेचाळीस अंश. तुमची कंपनी पुण्यात, गिऱ्हाईक टेक्सासात, टीममधली एक जण कोल्हापुरात आणि एक बंगळुरात. करोनात घरी आलात ते राहिलात. पुण्यात वन बीएचकेला जे जातं त्यात इथं दोन खोल्या, गच्ची आणि पार्किंग. गुलमंडीवर इमरती, शहागंजच्या बाजूला नान-खलिया (तोही मूळचा लष्करी तळावरचाच पदार्थ म्हणतात), शनिवारी म्हैसमाळ. जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, समृद्धीवरून गाडी पळते. पुण्याला मात्र अजून तीच पाच-सहा तासांची बस आणि तोच अहमदनगरचा थांबा.

पाणी सोडून सगळं छान. नळाला पाणी कधी आठव्या दिवशी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा, आणि येतं ते बहुधा रात्री दोनला, तुमच्या टेक्सासच्या मीटिंगच्या ऐन मध्यावर. शहराची तहान पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीवर. धरण शहराच्या पातळीपेक्षा शंभरेक मीटर खाली, म्हणजे प्रत्येक बादली पंपानं चढवून आणायची. वीज गेली, पाइप फुटला की आठवड्याचं वेळापत्रक कोलमडतं. नवी योजना १६८० कोटींची ठरली होती, ती २७४० कोटींवर गेली. मलिक अंबरनं वरून खाली आणलेलं पाणी आपण खालून वर ओढतो आहोत. अर्थात अंबरचं गाव केवढं आणि आजचं केवढं. नहर पुन्हा चालू केली की प्रश्न मिटेल असं म्हणणारे भाबडे आहेत. पण नहर होती तेवढीही आपण नीट ठेवली नाही. तिच्यावर घरं बांधली, तिच्यात गटारं सोडली.

मालकीणबाई तळमजल्यावर राहतात. काकू. टँकर मागवणं, वर्गणी काढणं, कोणाच्या टाकीत आधी नळी टाकायची हे ठरवणं, सगळं त्यांच्याकडं. ‘‘माझी भाची,’’ असं त्या परवाच जिन्यात म्हणत होत्या, ‘‘वाळूजला कंपनीत आहे. याच गल्लीत खोली हवी होती. आता या गल्लीत तिला परवडतंय होय? गेली तिसगावला.’’ आवाजात राग नव्हता. वरच्या मजल्याला ऐकू जाईल एवढा मोठा मात्र होता.

आज सकाळी मेल आलं आहे. मानव संसाधन विभागाचं, तीन परिच्छेदांचं, पहिल्यात आभार. एक जुलैपासून आठवड्यातले चार दिवस पुण्याच्या ऑफिसात हजर. अपवाद नाहीत. तुमच्या मॅनेजरनं कालच रात्री खासगीत फोन करून सांगितलं होतं: खोली बघून ठेव, मेल निघालंय. माणूस भला आहे. तुम्ही रात्रीच कोथरूडच्या मित्राला मेसेज टाकला, सामान हलवणाऱ्याचा भाव काढला, कपाट विकायची जाहिरातही लिहून ठेवली. दोन खोल्यांचा संसार एका छोट्या टेम्पोत मावेल असं तो म्हणतो.

काकूंना सांगायला खाली जाता. त्या गच्चीच्या टाकीची चावी, डायरी आणि चष्मा घेऊन ओट्यावरच बसल्या आहेत. टँकर यायचा आहे. तुम्ही सांगता. त्या ऐकून घेतात, चांगलं झालं म्हणतात, पुण्यात पाणी तरी रोज येतं म्हणतात, आणि डायरीचं पान उलटतात.

‘‘एप्रिलच्या टँकरचे साडेचारशे बाकी आहेत तुमचे. ते आधी द्या. आणि तुमच्या ओळखीतला दुसरा कोणी येणार असेल तर त्याचा पगार पुण्याचा की इथला ते आत्ताच सांगा, म्हणजे मला भाडं ठरवायला बरं.’’